डेलमारच्या ट्रेलरचं चाक

२१ सप्टेंबर, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. थेरपीवाल्या पोरीने, ब्रियानाने, ही वही आणून दिली. म्हणाली, "रोज चार ओळी लिहा, आर्लो. मनात येईल ते लिहा." नातीच्या वयाची पोरगी, आणि नावाने अशी हाक मारते की जणू आम्ही दोघांनी बरोबर गुरं राखली. मनात येतं ते हे: नऊ ऑगस्टला डोक्यात गुठळी अडकली आणि माझी उजवी बाजू गेली. हात आहे, पण लाकडाचा. पाय फरफटतो. बोलायला गेलो की शब्द लापशीसारखा बाहेर येतो. झाल्या चार ओळी.

२४ सप्टेंबर, गुरुवार

डेलमार येऊन गेला. शेजारी आहे, म्हणजे दोन मैलांवर राहतो. मी झोपेचं सोंग घेतलं. माझं बोलणं कळलं नाही की लोक उगाच मान डोलावतात, आणि डेलमारला ते करताना मला बघायचं नव्हतं. पण स्वयंपाकघरातलं सगळं इथे ऐकू येतं. तो माझ्या बायकोला, मार्लिसला, विचारत होता, "यंदा बर्फाच्या टायरांचं काय करायचं?"

त्याचंही बरोबर आहे. चौतीस वर्षं आसपासच्या सगळ्यांचे टायर आमच्या गॅरेजमध्ये बदलले जातात. ऑक्टोबरात उन्हाळ्याचे चार काढायचे, बर्फाचे चार चढवायचे. दुकान पन्नास मैलांवर, आणि पहिल्या बर्फाआधी तिथे तीन आठवड्यांची रांग. माझं यंत्र साधं आहे. जमिनीत बोल्टने आवळलेला लोखंडी खांब. त्यावर चाक आडवं ठेवायचं, तळाच्या दांड्याने टायरची कड रिंगेपासून सोडवायची, आणि मग पहार घालून खांबाभोवती गोल फिरायचं. विजेचं काम फक्त हवा भरायला. बाकी सगळं दोन हातांचं. तिथेच तर घोडं अडलं.

मार्लिस म्हणाली, "मी करीन."

डेलमार हसला. मीही हसलो असतो, पण माझं हसू हल्ली अर्ध्याच तोंडात येतं.

बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने त्या पहारीला हात लावलेला नाही. दिवा धरायची, कॉफी आणून द्यायची, बस्स. आता यंत्रही तिने घेतलं तर मी या घरात कशाला आहे? कपाटाचं निदान दार तरी उघडतं.

२९ सप्टेंबर, मंगळवार

आज तिने गॅरेजचं मोठं दार सताड उघडलं. यंत्र नेमकं माझ्या खिडकीसमोर येतं. पहिलं आमच्याच गाडीचं चाक घेतलं, आणि ठेवलं पालथं.

रिंगेला एका अंगाला खोलगट घळ असते. ती बाजू वर हवी. टायरची कड त्या घळीत दाबली तरच पलीकडून सैल होते. पालथं ठेवलं तर राक्षस आला तरी निघायचं नाही. ही बाई पहारीला लोंबकळतेय, पाय जमिनीवरून सुटतायत. एकदा पहार हातातून सटकली आणि तिच्या कानाजवळून गेली. पहारीने जबडा मोडलेला माणूस मी पाहिलाय.

काठीने काच वाजवली. तिने हात हलवला, जणू मी तिला टाटा करतोय.

शेवटी उठलो. सात आठवड्यांत पहिल्यांदा मागच्या दारापर्यंत गेलो, झोपायच्या सदऱ्यात, भिंत धरून. ओरडलो, "उलटं!" जे बाहेर पडलं ते माझं मलाच ओळखू आलं नाही. पण तिला कळलं.

"अगबाई, हो की," म्हणाली. चाक उलटवलं आणि चार मिनिटांत टायर बाहेर. नवख्याचं नशीब.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कोरडाच टायर चढवायला निघाली. साबणाचं पाणी नाही, काही नाही. कड कोरडी ओढली की फाटते, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि साबणाचा डबा कुठे? तिच्या कोपराला लागत होता. पालथ्या घड्यावर पाणी.

मागच्या दारातून दोनदा सांगितलं. ती कानाशी हात धरून म्हणते, "काय? ऐकू येत नाही, आर्लो. जवळ ये." रेडिओ मोठ्याने लावून ठेवला होता, मग कसं ऐकू येईल? काठी घेऊन गेलो. अंगण तीस पावलं असेल. मधे दोनदा थांबलो. घाम फुटला होता.

यंत्राशेजारी खुर्ची मांडलेली होती आणि तिच्यावर माझी उशी. घरातली उशी गॅरेजमध्ये कशी गेली कोण जाणे. या बाईला वस्तू जागच्या जागी ठेवायची सवयच नाही. असो, दमलोच होतो, बसलो.

मग जेवणापर्यंत तिथेच होतो. तिला एकटीला सोडण्यात अर्थ नव्हता.

६ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी अंगणातलं पाणी गोठलं होतं. आठ गाड्या झाल्या. मी खुर्चीतून सांगतो, ती करते. हात धीट आहे तिचा, हे मान्य. तोंडही तितकंच धीट.

हवा भरताना मात्र माझा जीव टांगणीला लागतो. टायर फुगला की कडा रिंगेवर जाऊन बसतात. आधी एक बाजू बसते, धप्प. मग दुसरी, धप्प. दोन आवाज झाले की चाक झालं. हवेचा दाब चाळीस पौंडांवर गेला तरी दुसरा आवाज आला नाही तर थांबायचं, हवा सोडायची, बघायचं काय अडलंय. पुढे रेटायचं नाही. सत्त्याहत्तर साली गावाकडच्या एका शेडमध्ये एकाने रेटलं होतं. मी तेव्हा दारात उभा होतो. त्याच्या बायकोला सांगायला मलाच पाठवलं.

मार्लिस टायरवर वाकून उभी होती. मी ओरडलो, "मागे हो!"

"झाले मागे. नाकच लांब आहे माझं, तेवढं पुढे राहिलं," ती म्हणाली. "पण म्हाताऱ्या, दोन शब्द सरळ बोललास की. ब्रियानाला सांगते."

रात्री हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं मांस-बटाट्याचं कालवण, दोनदा घेतली.

१० ऑक्टोबर, शनिवार

आजचं लिहायचं नव्हतं.

गॅरेजमध्ये सहासात जण होते. शनिवार, शिवाय आकाश भरून आलेलं. डेलमार म्हणाला, "आर्लो, तू आता मॅनेजर. खरं सांगू का, मार्लिस तुझ्याहून भरभर करते." सगळे हसले. डेलमारच्या मनात काही नसतं, मला माहीत आहे. पन्नास वर्षं ओळखतो त्याला. मला उत्तर द्यायचं होतं. चांगलं उत्तर तयारही होतं. मी तोंड उघडलं आणि कॉफी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळून हनुवटीवर, तिथून शर्टावर. मला कळलंसुद्धा नाही. त्या बाजूला काही जाणवतच नाही.

हसणं थांबलं. डेलमार छताकडे बघायला लागला. आणि मार्लिसने काय करावं? हातातल्या फडक्याने सगळ्यांदेखत माझं तोंड पुसलं. तान्ह्या पोराचं पुसतात तसं.

मी उठून घरात आलो. पुन्हा जाणार नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेलो नाही. जेवलो नाही. ती एकटी गेली.

१२ ऑक्टोबर, सोमवार

ब्रियाना आली होती. डोळे मिटून पडून राहिलो. बाहेर दोघी कुजबुजत होत्या. मार्लिस म्हणाली, "चांगला येत होता गं बाहेर. आता काय करू?" काय करायचंय? टायर बदल म्हणावं. तुला येतात की.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "डेलमारच्या ट्रेलरचं चाक आलंय. शनिवारी त्याला वासरं बाजारात न्यायची आहेत. जुना टायर पार चिंध्या झालाय, वाचता येत नाही, आणि रिंगेवरचा आकडा गंजून गेलाय. त्याने घरात पडलेला सोळा इंची टायर आणलाय. रिंग सोळाचीच ना रे?"

मी भिंतीकडे तोंड करून होतो. म्हटलं, "सोळा."

"येऊन बघतोस का जरा?"

"सोळा. जा."

ती मग गेली.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

कालचं आज लिहितोय. काल हात चालत नव्हता, हाही.

दुपारचे तीन वाजले असतील. वायव्येचा वारा सुटला होता. गॅरेजचं दार अर्धं ओढलेलं. मी अंथरुणात. कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला. मी ऐकत नव्हतो. चौतीस वर्षांची सवय, कान आपोआप मोजतात.

धप्प. एक.

मी दुसऱ्याची वाट बघत होतो. आला नाही. म्हटलं, थांबेल. सांगितलंय तिला. हवा सोडेल, साबण लावेल. पण हवा सोडल्याचा फुस्स आवाज आला नाही. कॉम्प्रेसर चालूच. मी मनात म्हटलं, चाळीस झाले. मग म्हटलं, पन्नास. ट्रेलरचा टायर जाड असतो, त्याला जास्त हवा लागते, असं तिला वाटत असेल. शिवाय रिंग गंजलेली. आणि रिंग सोळाचीच आहे हे तिला पक्कं माहीत होतं. मी सांगितलं होतं.

आणि मग मला तो ट्रेलर दिसला. एक्याऐंशीचा उन्हाळा, डेलमारचं अंगण, त्याच्या बापाचा मोडका पिकअप. त्याचा आस काढून आम्ही दोघांनी तो ट्रेलर बनवला होता. बोल्ट काढताना माझी बोटं सोलून निघाली होती. आसाबरोबर रिंगाही त्याच पिकअपच्या घेतल्या. त्या काळच्या त्या पिकअपला सोळाच्या रिंगा नव्हत्याच. साडेसोळाच्या होत्या.

अर्ध्या इंचाने काय होतं, असं परक्याला वाटेल. सोळाचा टायर साडेसोळाच्या रिंगेवर चढतो, सगळी मेख तिथेच आहे. न चढता तर बरं होतं. चढतो, एखादी बाजू बसल्यासारखी वाटतेही, पण दुसरी बसायची नाही. कितीही हवा भरा. कडेच्या आतली तार ताणत जाते, ताणत जाते, आणि तुटते. सत्त्याहत्तर साली हेच झालं होतं. हेच दोन आकडे.

मी उठलो. काठी कधी हातात आली आठवत नाही. स्वयंपाकघर ओलांडलं. मागच्या दाराच्या पायऱ्या बसून उतरलो. ओरडलो, "मार्लिस!" वारा उलटा होता आणि कॉम्प्रेसर धडधडत होता. अर्ध्या दारातून तिची पाठ दिसत होती. वाकलेली. एका हाताने टायर थोपटत होती, हट्टी गाय थोपटावी तशी.

दहा पावलं गेलो असेन. देवा, एवढी तीस पावलं होऊ देत, मग हवं तर दुसरी बाजूही घे, असं म्हणत होतो. त्याने तीस दिली नाहीत. उजवा पाय गोठलेल्या चाकोरीत अडकला आणि मी तोंडावर आपटलो. नाक फुटलं. उठायला गेलो, उठता येईना. तोंडात माती. हाक मारली तर नुसती घरघर.

काठी डाव्या हातात होती. फेकली. मी डावखुरा नाही, कुठे जाईल त्याचा नेम नव्हता. गॅरेजच्या पत्र्यावर खणकन आपटली. ती वळली. मला बघितलं.

हातातलं सगळं टाकून धावत आली. हवेची नळी टायरला चिमट्याने लावलेली होती, ती तशीच राहिली. "आर्लो! आर्लो!" करत माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. मी तिची बाही धरली आणि खाली ओढली. तिला वाटलं मला दुसरा झटका आला. माझं डोकं मांडीवर घ्यायला बघत होती आणि मी तिला खाली ओढत होतो. अशी आमची मातीत झोंबाझोंबी चालली होती तेव्हा तो फुटला.

आवाज ऐकल्याचं आठवत नाही. छातीवर धक्का बसला एवढं आठवतं. गॅरेजच्या खिडकीच्या काचा आमच्यापर्यंत आल्या. रिंग छताचा पत्रा फाडून बाहेर गेली आणि मागच्या कुंपणापाशी पडली. यंत्राचा खांब वाकला. ती जिथे वाकून उभी होती तिथे आता काही नाही, नुसती भिंतीवरची फळी निखळून पडलेली.

आम्ही तसेच पडून होतो. ती काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. तिलाही नव्हतं. मी रडत होतो, ते मात्र कळत होतं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दवाखान्यात जाऊन आलो. माझं नाक, तिचे कान. डावा कान आठवडाभरात सुधारेल म्हणाले. गाडी डेलमारच चालवत होता. त्याला दुसऱ्याकडून ट्रेलर मिळालाय.

आज संध्याकाळी तो पत्रा ठोकायला आला. वर चढला नाही. खालीच टोपी हातात धरून उभा राहिला. "मी सोळाचा आणायला नको होता," म्हणाला. "मला आठवायला पाहिजे होतं."

मार्लिस म्हणाली, "तू कशाला? माझंच चुकलं. आकडा नीट बघायला हवा होता. घाई केली मी."

मी पलीकडच्या खोलीत होतो. दार उघडं होतं. दोन शब्द बोलायचे होते. नाही बोललो. म्हटलं, जीभ नीट वळत नाही, उद्या बोलू. खोटं आहे. एवढं बोलण्यापुरती जीभ वळते.

रात्री तिला विचारलं, "पहिल्या दिवशी चाक पालथं का ठेवलंस?" ती भाजी चिरत होती. म्हणाली, "बेचाळीस वर्षं दिवा धरलाय मी. आंधळी नव्हते." हे काही उत्तर झालं का? पुन्हा विचारलं तर म्हणाली, ऐकू येत नाही.

ती मला विचारत नाही की तू सोळा का म्हणालास. एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चच्या तळघरात दरवर्षीचं माशाचं जेवण होतं. ती म्हणाली, "यायचं तर ये, नाही तर राहा." मी गेलो. लांब टेबलं, वितळलेलं लोणी, लेफ्साची, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांची, चळत, दोनशे माणसं. मला भिंतीच्या कडेला बसवलं. उजवी बाजू भिंतीकडे, म्हणजे कोणाला दिसायला नको. हे तिनेच बघितलं असणार.

त्या कॉफीच्या शनिवारपासून मी लोकांसमोर तोंड उघडलेलं नाही. आजही उघडायचं नव्हतं.

सगळे तेच बोलत होते. समोर डेलमार, त्याची बायको, मागच्या टेबलावरून माना वळवणारे आणखी पाचसहा. बायका म्हणत होत्या, "मार्लिस, देवाने वाचवलं गं." एकजण म्हणाला, "हे वय आहे का टायरांशी मस्ती करायचं?" दुसरा म्हणाला, "चूल सोडून भलतीकडे गेलं की असं होतं. आर्लोच्या हातून कधी असं झालं होतं का? सोळा आणि साडेसोळातला फरक बाईमाणसाला कसा कळणार?"

तिने ऐकून घेतलं. हसली. "चुकलं बाबा," म्हणाली. "कान पकडते. आता एकच कान शाबूत आहे, तो पकडते." सगळे हसले. आणि तिने लोण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं, असं सहज, की जणू त्या बोलण्याशी माझा काही संबंधच नाही.

मी काटा खाली ठेवला. म्हटलं, "मी सांगितलं."

कोणाला कळलं नाही. डेलमारने मान डोलावली, हो हो म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. लोणी हनुवटीवर आलेलं मला कळलं, कारण समोरच्या बाईची नजर तिथे गेली. पुसलं नाही. पुसायला थांबलो असतो तर धीर गेला असता.

"सोळा. मी सांगितलं. तिने विचारलं. मी बघितलं नाही. न बघता सांगितलं."

एकेक शब्द ओढून काढावा लागला. ज्याने बाईमाणूस म्हटलं होतं तो ताटात बघायला लागला.

मी मार्लिसकडे बघितलं. बघवत नव्हतं, पण बघितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल, किंवा राग येईल. राग आला असता तरी चाललं असतं.

ती माझ्या माशातले काटे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "माहितेय मला. दारात मीच तर उभी होते. खा आता, गार होतंय."

मी खाल्लं.